फुप्फुसं वगळून

प्रिय छकुले,

कॉन्व्हेंट शाळेच्या जिन्याखाली बसून तू माझा सहलीचा फॉर्म भरलास, ती दुपार आठवते? 'चालण्यास अडचण आहे का?' यापुढे बाबांच्या अक्षराच्या वळणात तू ठोकून दिलंस, 'नाही'. मदरने फॉर्म पाहिला, माझ्या पायातला कॅलिपर पाहिला आणि तुला बाकावर उभं केलं. सहल हुकली ती हुकलीच. पण तेव्हापासून कुणी ना कुणी मायेने माझ्या वतीने 'नाही' लिहीत आलंय.

तुझ्याकडे यायचं म्हणून गाठलेली प्रवासविम्याची एजंटबाईही तशीच प्रेमळ. म्हणे, ताई, पोलिओ दिसतोच, तो लिहू. झोपताना लावायच्या श्वासाच्या मशीनचं कशाला उकरून काढता? विचारलं तर सांगू. मी म्हटलं, विचारलंय की, सहाव्या रकान्यात. तर म्हणते, तुम्ही फारच बारीक वाचता बाई! अगं, वाकलेल्या पाठीने फुप्फुसं दाबली गेलीत, विमानात भय त्यांचंच. तेच लपवायचं तर विमा काय चाकाच्या खुर्चीचा उतरवायचा?

मी खरं ते लिहिलं. पहिल्या कंपनीने सरळ नाही म्हटलं. दुसरी सगळ्याची हमी घेईल, पण त्यांच्या डॉक्टरची तपासणी वीस दिवसांनी. तुझं ऑपरेशन गुरुवारी. तीन दिवस फोन कानाला लावून बसले. तिसरी आज सकाळी तयार झाली. हाड मोडलं, खुर्ची फुटली, बॅग हरवली, सगळं त्यांच्याकडे. फक्त श्वासाचं काही झालं तर त्यांनी हात वर केलेत. मी सही केली.

फोनवर तुला म्हटलं, विम्याचं झकास जमलं. ते अर्धंच खरं होतं, म्हणून हे लिहून पर्समध्ये ठेवतेय. धड पोचले, तर तुझ्या उशाशी बसूनच फाडेन. कुणी तुझ्या हाती दिलंच, तर आधी बरी हो, मग कामाला लाग. श्वासाचं मशीन आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्याला दे, चांगलं चालतंय. शिवणयंत्र शेजारच्या काकूंना. मागणार नाहीत, पण डोळा आहे. आईच्या बांगड्या तुझ्या सुनेला, तिने मोडल्या तरी बोलू नकोस. मला मात्र परत घरी पाठवायची खटपट करू नका. तू आहेस तिथेच राहू दे.

तुझीच,
ताई