खांबाला मिठी मारायची पायरी

आदरणीय ताईंना,

नमस्कार. तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल अशी आशा आहे, आणि कुरकुरत असला तरी तुम्ही त्याचं ऐकत नसाल याची खात्री आहे. आम्ही दोघं ठीक आहोत. (हे लिहायची सवयच झाली आहे, पण या वेळी उजवं कोपर सोडलं तर खरंच ठीक आहोत.) फोनवर मी तुमच्याशी "हो", "बरं" आणि "ठेवतो" एवढंच बोलतो याचा राग मानू नका. आमच्या घरात बोलण्याचं खातं तुमच्या बहिणीकडे होतं. ती गेल्यापासून ते रिकामंच आहे. म्हणून लिहितो आहे.

तुमच्या भाचीला स्कूटर हवी होती. इंजिनाची नव्हे, एक पाय फळीवर ठेवून दुसऱ्याने ढकलत न्यायची. सोमवारी शाळा सुरू होते आहे, आणि तेरा वर्षांच्या मुलीचं दप्तर धरून बापाने फाटकापर्यंत यावं हे तिला आता मंजूर नाही. सायकल करून पाहिली होती. सायकल वाचली, कुंपण गेलं. तिचा डिस्प्रॅक्सिया तुम्हाला माहीत आहेच. डोकं तल्लख, पण डोक्याने पायाला धाडलेला निरोप वाटेत कोणाशी तरी गप्पा मारत बसतो. तेव्हा स्कूटर बेताने निवडायला हवी होती. दुकानात शिरल्या शिरल्या मी घोळ घातला. दुकानदारीणबाईंनी "कोणासाठी?" विचारलं आणि मी "मुलीसाठी" एवढंच म्हणून गप्प झालो. बाईंनी तीन चाकांची, हत्तीचं तोंड असलेली, सोंड दाबली की वाजणारी स्कूटर पुढे केली. मुलगी माझ्या मागे उभी होती, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच. ती म्हणाली, "बाबा, यांना सांगा ना, हत्तीला माझं वजन झेपणार नाही."

मग मी मला येतं तेच केलं. आयुष्यभर चष्म्यासाठी डोळे तपासत आलो, तेव्हा दोन-दोन स्कूटर समोर ठेवून तिला आळीपाळीने उभं केलं आणि विचारत गेलो, "ही बरी की ही? आता? आणि आता?" (थोड्या वेळाने मी तिला सवयीने एक डोळा झाकायलाही सांगितलं. तिने झाकला आणि ती बाईंच्या अंगावर गेली.) तरी या पद्धतीने बरंच कळलं. लहान चाकांची फरशीच्या फटीत अडकते. मागच्या चाकावर पाय दाबून थांबायची म्हणजे तोल सांभाळताना पायाला आणखी एक काम, ती बाद. घडी होणारी तिला आवडली होती, पण घडी घालून दाखवताना स्कूटरने माझ्या शर्टाचं टोक आत घेतलं आणि मी तिच्यासकट दुकानभर फिरलो. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला ही फारच चिकटली, हीच न्या!" शेवटी हवा भरलेल्या मोठ्या चाकांची, दोन्ही पाय शेजारी-शेजारी मावतील अशा रुंद, बुटक्या फळीची आणि हातात ब्रेक असलेली घेतली. रंग काळा. सोंड नाही.

खरा घोटाळा पुढे झाला. तुमच्या बहिणीने घालून दिलेली शिस्त अशी, की कोणतीही नवी गोष्ट पायऱ्या पाडून, मोठ्याने म्हणत, आधी आपण करून दाखवायची आणि दर वेळी तशीच. दात घासणं, बूट बांधणं, सगळं ती असंच शिकली. त्याप्रमाणे मी स्कूटरवर चढून भर रस्त्यात (मी, ताई!) ओरडत निघालो: "डावा फळीवर! उजव्याने ढकल! दोन्ही फळीवर!" वळणापाशी "ब्रेक!" असं ओरडलो खरा, पण ओरडण्यात इतका गुंतलो की दाबायचा राहिला. दिव्याच्या खांबाला मी दोन्ही हातांनी मिठी मारली, "अगं आई गं" म्हणालो आणि तसाच खाली सरकलो. मुलीने लांबून विचारलं, "बाबा, ही पण पायरी आहे का?" माझ्या छातीत श्वास उरला नव्हता. गप्प राहणं म्हणजे होकार, असं तिने धरलं असावं.

तेव्हापासून ती उत्तम चालवते. वळणापाशी येते, सुबक ब्रेक दाबते, उतरते, खांबाला मिठी मारते, शांतपणे "अगं आई गं" म्हणते आणि पुढे जाते. मी समजावलं, ती पायरी नाही म्हणालो, बिनखांबाचं करून दाखवायला गेलो, तर सवयीने खांबच गाठला. आता गल्लीतली लहान पोरंसुद्धा तिथे उतरून खांबाला भेटून जातात. मला हसू आवरत नाही, आणि मग लाज वाटते. घरातलं माणूस जाऊन वर्षही झालेलं नाही.

तब्येत सांभाळा. सगळ्यांना नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता. क. तुम्ही शाळेत कवायत शिकवता. रविवारपर्यंत येऊन तिच्यासमोर त्या वळणावरून एकदा न पडता जाऊन दाखवाल का? सोमवारी ती एकटी निघणार. खांबाला हसणारी मुलं शाळेतही असतील. मला तिला थांबवायचं नाही, पण पाठवायची छाती होत नाही. गुडघ्याला विचारून कळवा.

ता. क. २. मावशी, हे मी टाईप करून चिकटवतेय, बाबा पाकीट शोधायला गेलेत. (डिंक सांडला, सॉरी.) ती पायरी नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण मी खांबाला मिठी मारली की बाबा खो खो हसतात, म्हणून मारते. सोमवारी नाही मारणार, तेव्हा बघायला बाबा कुठे असणार? तरी तू ये. ते रोज सकाळी गुपचूप माझी स्कूटर घेऊन जातात आणि अजून ब्रेक दाबत नाहीत.