कायमचा पत्ता

२ ऑक्टोबर १९७४
माणूस कायमचा राहतो कुठे? काशम्माच्या रेशनकार्डाचा फॉर्म भरताना 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी पेन अडलं. काशम्मा विड्या वळते. चाळीस वर्षं सोलापुरात याच गल्लीत, पण खोलीमालक भाड्याची पावती देत नाही, म्हणून तिला पत्ता नाही. मी तीन वर्षं डेट्रॉइटला काढली आणि माझे पत्ते दोन. याचं उत्तर मला येत नाही. घरातली पहिली बी.ए. असून येत नाही, हे फक्त इथेच लिहिते.

बाकी सगळं स्पष्ट आहे. मी देशसेवेसाठी कायमची परत आलेय. आजपासून बायकांचा साक्षरता वर्ग सुरू. अकरा जणी आल्या. संक्रांतीपर्यंत अकराही जणी सह्या करतील आणि काशम्माला रेशनकार्ड मिळेल.

६ ऑक्टोबर
डेट्रॉइटहून ह्यांचं पत्र. खाली सही 'डॉन'. आईवडिलांनी धोंडप्पा नाव ठेवलंय. लिहितात, १४ जानेवारीला तुला अमेरिका सोडून वर्ष होतं, त्याच्या आत आली नाहीस तर ग्रीन कार्ड गेलं. नुसतं तोंड दाखव, मग हवं तर परत जा. म्हणजे राहायचं नाही, पण राहतो म्हणायचं! शिवाय ग्रीन कार्ड हिरवंही नसतं, निळं असतं. असल्या चिटोऱ्यासाठी शिकलेली माणसं लाचार होतात.

कार्ड ट्रंकेत साड्यांखाली आहे. पाहिलं, कसर लागू नये एवढ्यासाठी. शंभर दिवस उरलेत. मोजत नाही. सहज बरोबर शंभर निघाले म्हणून लिहिलं.

२० ऑक्टोबर
घरातच भ्रष्टाचार. मी तिकडे असताना आईनं, म्हणजे अव्वानं, माझं नाव रेशनकार्डावर तसंच ठेवलं आणि तीन वर्षं माझ्या वाटची साखर उचलली. जाब विचारला. म्हणाली, नीलव्वा, तू तिकडं गेलीस म्हणून घरातनं गेलीस व्हय गं? आणि तिकडं लाडवाचे डबे यायचे ते कशाचे वाटले तुला?
अज्ञान. दुसरं काय म्हणणार? रात्रीच्या आत अर्ज लिहिला: माझे नाव कमी करावे. मग रीतसर पुन्हा घालता येईल. अर्ज पर्समध्ये. उद्या देणार.

८ नोव्हेंबर
काशम्माला घेऊन रेशन ऑफिसात. क्लार्क म्हणाला, पावती नसेल तर ओळखदार आणा, त्याच वॉर्डातला, रेशनकार्डावर नाव असलेला. १३ जानेवारीला, सोमवारी, इन्स्पेक्टर खोली बघायला येतील. ओळखदार हजर नसेल तर फॉर्म रद्द. मी म्हटलं, मीच ओळखदार.

म्हणजे नाव कमी करण्याचा अर्ज तूर्त देता येत नाही. सत्कार्यासाठी थांबावं लागतं.

येताना काशम्मा म्हणाली, बाई, मी कुटंच गेली न्हाय, म्हणून मला पत्ता न्हाय व्हय? तिला राज्यघटना समजावली. ती ऐकून घेऊन म्हणाली, त्या सोमवारी तुमी असाल न्हवं? मी ठणकावून सांगितलं, मी मरेपर्यंत इथंच.

१ डिसेंबर
वर्गाला चौघी. बाकीच्या म्हणे, विड्यांचा रोजचा हजार भरत न्हाय, बाई. ध्येय म्हणून काही नाहीच या लोकांना.

तिकडून ड्रायव्हिंग लायसनचा फॉर्म आला. भरून पाठवला. सरकारी पत्राला उत्तर न देणं असभ्यपणाचं. पत्ता तिकडचाच ठेवला. खाडाखोड बरी दिसत नाही.

२२ डिसेंबर
मला न विचारता ह्यांनी विमानाचं तिकीट पाठवलं. ११ जानेवारीचं! उद्या फाडणार.

२३ डिसेंबर
फाडलं नाही. कागद जाड आहे.

५ जानेवारी १९७५
निर्णय पक्का. ग्रीन कार्ड परत करायचं. पोस्टानं पाठवणं हा भित्रेपणा. त्यांच्या अधिकाऱ्यासमोर समक्ष टाकायचं. त्यासाठी तिथं जावं लागेल. आणि चौदा तारखेच्या आत, कारण मेलेलं कार्ड परत करण्यात त्याग कसला?

रेशन ऑफिसात इन्स्पेक्टरची तारीख बदलून मागितली. नाही म्हणाले. कोडगी माणसं. कुणाचं काय अडलंय, याची फिकीर नाही.

९ जानेवारी
वर्गाला काशम्मा एकटीच. पाटीवर तिनं स्वतःचं नाव लिहिलं, न बघता. माझ्या कार्याचं यश! मी जातेय, हे तेव्हाच सांगून टाकलं. कधी येणार, विचारलं तिनं. वर्षाच्या आत, म्हटलं. तिनं पाटी पुसली आणि म्हणाली, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा तरी बघून जायाची की, बाई. एवढ्या मोठ्या त्यागापुढे हिला जत्रा दिसते.

११ जानेवारी, दुपारी. सांताक्रूझ विमानतळ
इथेही फॉर्म. कायमचा पत्ता: सोलापूर. विमानात आणखी एक देतात म्हणे. त्यावर डेट्रॉइट लिहीन, अधिकाऱ्यापर्यंत पोचण्यापुरतं.

परवा इन्स्पेक्टर येतील. काशम्मा घरी असेलच. ती कुठं जातेय?

काल स्टेशनवर अव्वा विचारत होती, नीलव्वा, तुझं नाव आता काढायला सांगू का गं? गाडी सुटायला आली होती, उत्तर द्यायचं राहिलं. कुर्डुवाडी गेल्यावर पर्समधला अर्ज काढला, फाडला आणि खिडकीबाहेर टाकला.