गालावरची गाळलेली जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

टिच्!

एवढाच आवाज. चाळीस वर्षांपूर्वीचा. आज चहा ढवळताना चमचा कपाला लागला आणि तोच कानात वाजला. काचेची दौत गालाच्या हाडावर फुटते तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. त्यानंतरची शांतता मोठी असते.

शाळेतले चार सहशिक्षक घरी आले होते. मी पाचवीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हणत होतो, डोळे मिटून, मांडीवर ताल धरून. काय दिवस ते! एका ओळीत मी ‘काठ’ म्हणालो. ही दारातून हसत म्हणाली, “अहो, तिथे ‘तीर’ आहे.” सगळे खो खो हसले. दौत हातून सुटली.

शाई आणि रक्त मिसळलं की जांभळा रंग होतो. सुंदर रंग, खरं तर.

कंपाउंडरला मीच सांगितलं — उंबरठ्यावर पडली. त्याने टाके घातले. शाई कुठून आली, विचारलं नाही. काच शोधायचं तर कारणच नव्हतं.

परवा नात हिच्या गालातल्या खळग्यात बोट घालून म्हणाली, “आजी, इथे पेन सांडलं का गं?” तेव्हापासून ही पदराने गाल झाकून बसते. मुलगी त्वचेच्या दवाखान्यात काउंटरवर असते. म्हणाली, “आई, चल माझ्याबरोबर. फिलर घालून घेऊ, सुईने खळगा भरून येतो.”

या वयात!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मीही गेलो. एकटीला कसं सोडायचं?

डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलणं स्वच्छ. गाल आत गेलेले, जुन्या जखमेचा खड्डा राहिलेला — अशांना फिलर चालतं, म्हणाल्या. वर्ष-दीड वर्ष टिकतं, मग जिरतं. गरोदर बाईला नाही. अंगात कुठे पू किंवा ताप असेल तर नाही. आणि भरायच्या जागी काच, धातू असं काही अडकलं असेल तर मुळीच नाही. “आजी, हा डाग निळसर का?”

हिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “जन्मखूण.”

मग फॉर्म. ‘व्रण कशामुळे’ — पुढे रेघ. गाळलेल्या जागा भरा! छत्तीस वर्षं मुलांकडून हेच करून घेतलं. हिचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून पेन मी घेतलं. ‘उंबरठ्यावर पडून.’ वळणदार अक्षरात. खाली: काच अथवा धातू शिरण्याची शक्यता — ‘नाही’वर खूण. ही माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत होती. सही करताना हिचा हात जरा थांबला. केली.

७ फेब्रुवारी, शनिवार

झालं. दोन सुया, आणि खळगा गेला. ही दिवसभर आरशासमोर. मला तो चेहरा ओळखू येईना.

१५ फेब्रुवारी, रविवार

गाल लाल. हात लावला तर तापलेल्या तव्यासारखा. “आतून टोचतंय,” म्हणते. नवं आहे, बसेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

डोळा सुजून मिटला. भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, “मी बाईंना फोन करते. काच होती ते सांगते.”

मी मनगट धरलं. पिरगाळलं. म्हातारं हाड वाळल्या काटकीसारखं लागतं हाताला. “एक अक्षर बोललीस तर दुसरा गाल फोडीन!” हे मी बोललो. कविता म्हणणारं तोंड हेच. फोन भिंतीवर आपटला, तुकडे झाले.

तिने हात सोडवला नाही. नुसती बघत राहिली, एका डोळ्याने. हे घर तिच्या आईने तिला दिलेलं. पण चाळीस वर्षं इथे माझाच आवाज!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ती घरात नव्हती. चपला नव्हत्या. चष्मा नव्हता.

दुपारी मुलगी आली. म्हणाली, आई पहाटेच तिच्याकडे आली, तिने दवाखान्यात नेलं. भरलेलं सगळं इंजेक्शन देऊन विरघळवलं, गळू कापलं, वाटीभर पू. तिने टेबलावर इवलीशी बाटली आपटली. आत तांदळाच्या दाण्याएवढी काच. कडेला अजून निळी!

“हे काय आहे, बाबा?”

“दौत सुटली हातून.”

“सुटली?” मुलगी हसली. ते हसणं मला कापून गेलं. “व्याकरण तुम्हीच शिकवलंत ना मला? पट्टीने हाताची सालटी काढून? मग सांगा, वाक्यात कर्ता कुठाय?”

“तोंड सांभाळ!”

“कर्ता कोण, बाबा?”

मी काठी उगारली. तिने ती वरच्या वर धरली, हिसकावली, गुडघ्यावर ठेवून मोडली. काडकन! दोन तुकडे माझ्या पायाशी टाकले. “डोळा जाता जाता वाचलाय तिचा,” म्हणाली आणि गेली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कुणी नाही. जुनं पाचवीचं पुस्तक काढलं. धूळ. नदीची कविता सापडली.

‘तीर’च आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

सुटली नाही. मी फेकली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दहाला बेल. वाटलं, मुलगी आली असेल हिचे कपडे न्यायला.

दारात ही! गालावर पट्टी. स्वतःच्या घराची बेल तिने कधी वाजवली नव्हती. हातात दवाखान्याचा फॉर्म. माझं वळणदार ‘उंबरठ्यावर पडून’ खोडलेलं, वर तिच्या वाकड्या अक्षरात: ‘नवऱ्याने दौत फेकून मारली.’ कर्त्यासकट.

मी म्हणालो, “सामान न्यायला आलीस?”

“नाही,” ती म्हणाली. “काढायला आलेय. तुमचं.”