कन्सोल परत केला, त्याबद्दल

चिमे,

तू हौसेने आणलेला कन्सोल मी आज दुकानात परत दिला. आधी चिठ्ठी पूर्ण वाच, मग काय ती आदळआपट कर.

तुझं म्हणणं चूक नव्हतं. सोफ्यावर बसून टीव्हीवर खेळायचं, कॉम्प्युटरची कटकट नको, बाबांचं मनही रमेल. पण काल तू कामावर गेल्यावर मी त्यांना खेळायला बसवलं. कंट्रोलर दोन्ही हातांनी धरावा लागतो. झटका येऊन सहा महिने झाले, तरी त्यांच्या डाव्या हाताची पकड आलेली नाही. कंट्रोलर तीनदा खाली पडला. चौथ्यांदा त्यांनी तो स्वतःच बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बटणं फार बारीक आहेत गं."

म्हणून कॉम्प्युटर आणलाय. शहर वसवायचा गेम आहे, एकट्या माऊसवर चालतो. दुपारपासून बसलेत. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस! एकही घर बांधलेलं नाही आणि गावभर पाण्याच्या लाइनी टाकून झाल्यात. अडले तरी मदतीला धावू नकोस, ओरडतात.

मी आठपर्यंत येते. डाळ-भात झालाय, फक्त गरम कर.

उद्या दवाखान्यात तू त्यांच्याबरोबर जाणार आहेस. डॉक्टरांनी हाताचं विचारलं की ते हसून "आता पुष्कळ फरक आहे" म्हणतील. तेव्हा तू मान डोलावू नकोस. मागच्या दोन्ही वेळा मी डोलावली.

ताई