रिडायलचं बटण

अंबरपेठ, गुरुवार, संध्याकाळ

सुधीर गच्चीवर गेलाय, तेवढ्यात लिहून घेते.

रोज कंपनीतून आला की बूट काढायच्या आधी तो फोनचं रिडायलचं बटण दाबतो, मी शेवटचा फोन कुणाला केला ते बघायला. मागच्या महिन्यात माझ्या आईने उचलला, तर त्याने माझ्या कानाखाली वाजवली. म्हणून महिला केंद्राला फोन करायला मी एसटीडी बूथवर जायचे. पहिल्यांदा तिथली मुलगी तेलुगूत बोलली. माझं तेलुगू भाजी घेण्यापुरतं. नवरा मारतो, हे त्यात कसं सांगायचं? इंग्रजीत सांगितलं, तर दुसऱ्याच कुणाचं सांगतेय असं वाटायला लागलं. मग शांताबाई आल्या फोनवर, इथल्याच जुन्या मराठी.

"हौ बेटा, मराठीतच बोल की. आरामसे सांग."

सगळं सांगितलं. रिडायलचंसुद्धा.

आज मुद्दाम घरातूनच केला. सहाला तो येईल, हेही त्यांना सांगून ठेवलं. वेडेपणा केला का मी? असेल. पण कपड्यांची बॅग दुपारीच शेजारच्या वहिनींकडे ठेवलीय.

आला. बटण दाबलं. शांताबाईंचा खणखणीत आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला, "महिला केंद्र. बोला, तुम्हीच का ते रोज बटण दाबणारे?"

रिसिव्हर ठेवला आणि बूट घालूनच वर गेला. चार भाषा येतात म्हणून चारचौघांत मिरवणारा माणूस. एकीतही उत्तर सुचलं नाही.