त्याचं म्हणणं तुझ्या तोंडून

१४ मार्च

प्रिय ठमे,

माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. मी बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझ्या भाचीने नोकरी बदलली. बाकी सगळं खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

काम तेच. कंपन्या बोलावतात, मी जाते, भांडलेल्या दोघांना समोरासमोर बसवते. मागच्या महिन्यात दोन शिवणमास्तर एका खिडकीवरून सहा महिने अबोला धरून होते. एकाला ती उघडी हवी, दुसऱ्याला बंद. माझा नियम तुला ठाऊक आहेच. आपलं बोलण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत सांगायचं. निम्मी भांडणं तिथेच विझतात.

परवा एका छापखान्यात पुस्तकबांधणीतली एक बाई आणि तिचा मुकादम समोर होते. त्याने तिला यंत्रावर ढकललं, अशी तक्रार. तो म्हणाला, "काम रेंगाळवते, मग माझं डोकं फिरतं." मी सवयीने तिला म्हटलं, "आता यांचं म्हणणं तुम्ही सांगा." ती हळूच म्हणाली, "मॅडम, ढकललं मला. आता का ढकललं तेपण मीच सांगू?"

मी बैठक तिथेच थांबवली. हे मिटवायचं भांडण नाही, असं अहवालात लिहिलं. कंपनीला ते रुचलं नाही. घरी आले आणि चपलाही न काढता जेवणाच्या टेबलाशी बसून राहिले.

नऊ वर्षांपूर्वी तू बॅग घेऊन माझ्याकडे आलीस, तेव्हा याच टेबलाशी मी तुझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं होतं. शहाणी ना मी. तू सुजलेलं मनगट पुढे केलंस आणि मी म्हटलं, "मी कोणाचीच बाजू घेणार नाही." मग त्याचं म्हणणं तुझ्या तोंडून वदवलं. "मी उलट बोलते, म्हणून त्याचा हात उठतो," असं तू म्हणालीस. मी मान डोलावली. संध्याकाळी तू त्याच्याबरोबर परत गेलीस. मी कप विसळले, आणि ठमे, मला समाधान वाटलं होतं. हे लिहिताना माझी मलाच शरम वाटते.

पुढे तू त्याचं घर सोडलंस, ते मला मावशीकडून कळलं. फोन केला नाही. तूच रुसली आहेस, अशी मनाची समजूत घालत राहिले.

आता मावशी म्हणते, मंगळवारी कोर्टात तुझ्या लेकीच्या ताब्याची तारीख आहे, आणि त्याचा वकील सांगतो की बायकोने आपली चूक थोरल्या बहिणीसमोर कबूल केली होती. म्हणून मी येते आहे. ते वाक्य मी तिच्याकडून म्हणवून घेतलं, तिला मारहाण होत होती हे ठाऊक असताना, असं सगळ्यांसमोर सांगेन. यानंतर मला कुणी कामाला बोलावलं नाही तर नाही.

तू बोलू नकोस, बघूही नकोस हवं तर. तुला डाव्या कानाने आता ऐकू येत नाही, असंही मावशीने सांगितलं. मी उजवीकडे बसेन.

तुझी, फार उशिरा तुझी झालेली,
ताई