पालथा पेला

३ फेब्रुवारी, मंगळवार

नाही म्हणाले! तेही इतक्या गोड आवाजात, की फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, आपल्याला नकार मिळालाय.

"तुमचे भाऊ चांगले सक्षम आहेत हो. त्यांना तिथं ठेवायची गरज दिसत नाही." सक्षम! सेहेचाळीस वर्षांचा माझा बाळ. वाचनालयात परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावतो, एक चुकत नाही. पण दाराची बेल वाजली की बाथरूममध्ये जाऊन कडी लावतो. गॅसजवळ जात नाही. समोर ताट ठेवलं नाही तर दिवसभर उपाशी राहील आणि भूक लागली असंही म्हणणार नाही. ऑटिझम आहे हे त्यांना माहीत आहे. तरी सक्षम.

मार्चमध्ये माझा गुडघा बदलायचाय. आधी हॉस्पिटल, मग घरात काठी घेऊन चालायचं, जास्त उभं राहायचं नाही, जिना तर अजिबात नाही. तोवर बाळला बघणार कोण? नदीपलीकडे एक घर आहे. बाळसारखीच मोठी माणसं राहतात, दिवसरात्र मदतनीस असतात, आणि एक खोली माझ्यासारख्या अडलेल्यांसाठी रिकामी ठेवतात. तेवढीच मागितली होती.

गेल्या आठवड्यात ती खोली कुणाला द्यायची ते ठरवणाऱ्या ऑफिसातल्या बाई घरी येऊन बाळशी बोलून गेल्या, तिथंच घोटाळा झाला. स्वयंपाक जमतो का? "ठीक आहे." ताई नसल्या तर राहाल का एकटे? "ठीक आहे." त्यांनी 'घराला आग लागली तर?' विचारलं असतं तरी हेच आलं असतं. आईनं लहानपणापासून घोटून घेतलंय त्याच्याकडून — कुणी काही विचारलं की ठीक आहे म्हणायचं, म्हणजे लोक पुढं विचारत नाहीत. पोरगं गुणी. अजून पाळतंय.

५ फेब्रुवारी

कंटाळा आला. बाकी काही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दुकानातून दुरुस्तीचे कपडे घरी आणले. तीन पँटी आखूड करायच्या, एका जॅकेटची चेन बदलायची. चेन उसवताना बोटात सुई गेली. रविवारीसुद्धा मशीन चालवतेय, कारण मार्चमध्ये दुकानात खाडे होणार आणि मालक आत्ताच तोंड फुगवून बसलेत.

बाळनं संध्याकाळी पेला पालथा घातला.

ही त्याची जुनी रीत. तोंडानं ठीक आहे म्हणेल, पण मनात नसेल तर समोरचा पेला उचलतो आणि पालथा ठेवतो. पाणी असलं तर आधी पिऊन टाकतो, मग. न्हावी घरी बोलवू का? ठीक आहे — पेला पालथा. म्हणजे नको. मला हे लहानपणापासून कळतं. एरवी कुणाला कळायचं कारण नाही.

हल्ली मात्र रोज संध्याकाळी पालथा दिसतो. मी काही विचारलेलंही नसतं. काय होतंय रे, म्हटलं. "ठीक आहे." बरं बाबा, ठीक तर ठीक. माझ्यात आता कोडी सोडवायचं त्राण नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बाळ आणि मी मंगळवारच्या खोलीत गेलो, बाळसारख्यांची आणि त्यांच्या घरच्यांची बसायची जागा. लाँड्रीच्या वरचा मजला, खालून साबणाचा ऊबदार वास येतो. एक रिटायर्ड बस-ड्रायव्हर ती चालवतात. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते, खरं तर वयानं आम्ही बरोबरीचे. कुणी येऊन पत्ते खेळतं, कुणी भिंतीकडे तोंड करून बसतं. कुणी कुणाला 'बोल की' म्हणत नाही. आठवड्यातले हे दोन तास मी खुर्चीत पाय पसरून बसते. मला एवढी सुटी पुरते.

काकांना नकाराचं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं, लाजच वाटली. काका म्हणाले, "पुन्हा बघायला सांगू. पण घरी नको. इथं बोलवू त्या बाईंना. इथं तो कसा असतो ते बघू देत."

जिना उतरताना गुडघ्यानं अशी कळ काढली की कठड्याला धरून उभीच राहिले. बाळ दोन पायऱ्या पुढं जाऊन थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. पण थांबला.

१३ फेब्रुवारी

गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडम, तुमची शिलाई वाकडी गेली." गेली असेल. मीच वाकडी चालतेय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बाई आल्या! जिना चढून धापा टाकत. वाईट नाहीत त्या, थकल्यात. डब्यातला पाव तिथंच उभ्या उभ्या खाल्ला. मला वाटलं, बाई गं, तू पण?

मग बाळसमोर बसल्या. तेच प्रश्न, तीच उत्तरं. ताई हॉस्पिटलमध्ये असताना एकटे राहाल? "ठीक आहे." आणि पेला पालथा. बाई त्याच्या तोंडाकडे बघून मान डोलावतायत! मी बोलणार तोच काकांनी हात केला — थांबा.

काकांची लेक शेजारच्या टेबलाशी होती. तीही बाळसारखीच, कायम कानावर ते मोठे हेडफोन. नदीपलीकडच्या त्या घरात राहते. ती हेडफोन न काढता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही चुकीच्या ठिकाणी बघताय. पेला बघा. पालथा म्हणजे नाही. इथं सगळ्यांना माहीत आहे. मी पण करते."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग खोलीभर नजर फिरवली. खरंच की — तीन टेबलांवर पेले पालथे! मला इतके मंगळवार येऊन दिसलं नव्हतं. बाळची रीत आख्ख्या खोलीनं उचलली होती आणि मला पत्ता नाही. मी आपली पाय पसरून बसलेली.

बाईंनी पेला स्वतः सुलटा केला, पाणी ओतलं, पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी प्रत्येक प्रश्नानंतर टेबलाकडे बघत. गॅस? प्यायला, पालथा. बाईंनी परत सुलटा करून भरला. रात्री एकटं? पालथा. परत सुलटा, परत पाणी. "त्या घरात जाऊन राहाल, ताई बऱ्या होईपर्यंत?" — "ठीक आहे."

पेला जागचा हलला नाही.

२ मार्च

मिळाली खोली! दुपारी कळलं आणि मी दुकानातच टेबलावर डोकं ठेवून झोपले. मालकांनी उठवलं नाही. देव त्यांचं भलं करो.

१५ मार्च, रविवार

बाळला सोडून आले. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीतून नदी. बॅगेत चार जोड कपडे, त्याची उशी, त्याचा स्टीलचा पेला. मी आपली मदतनिसाला सांगतेय — याला वरण, भात, पोळी, सगळं वेगवेगळं लागतं, एकमेकांना चिकटलेलं नको — आणि हा तोवर खाली जाऊन काकांच्या लेकीशेजारी बसलासुद्धा. मागं वळून बघितलं नाही. रडायची सगळी तयारी करून गेले होते, ती तशीच परत आणली.

१९ मार्च

हॉस्पिटल. झालं एकदाचं. लोखंड घालून घेतलं. दुखतंय. नर्स विचारते, कसं वाटतंय? मी म्हणते, ठीक आहे.

९ एप्रिल

घरात शांतता. काठी टेकत चहा करून घेते.

आज प्रथमच मशीन चालू केली, उगाच, हात लावून बघावा म्हणून. केवढा आवाज करते ही! भिंतीतून परत येतो, पितळेचं भांडं पडत राहावं तसा. एवढी वर्षं संध्याकाळी मी इथं आणि बाळ तिथं, त्या खुर्चीत, शेवटी शेवटी पुढ्यात पालथा पेला.

बंद केली.

१७ एप्रिल

ऑफिसातल्या बाईंचा फोन. बाळ छान आहे. सगळ्यांची ताटं तोच मांडतो, कुणाला काय चालत नाही ते बरोबर लक्षात ठेवतो. एकदा मोठ्यानं हसला म्हणे! घरी कधी हसला होता ते आठवत बसले.

मग म्हणाल्या, "ताई, त्यांना कायमचं राहायचं असेल तर ती खोली त्यांची होऊ शकते. विचारा त्यांना."

विचारायचं काय त्यात? घर आहे त्याला. बहीण आहे. अडचण होती म्हणून ठेवला, अडचण संपली. बाईंना तसं तोडून बोलले. मग दिवसभर चडफडत बसले — त्यांच्यावर, स्वतःवर, गुडघ्यावर.

त्याच्याशिवाय काय करू मी? हे कुणी विचारत नाही.

२५ एप्रिल, शनिवार

आणायला गेले होते. बॅग भरून दाराशी तयार होती, मदतनिसानं भरलेली. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. बाळ पाणी पीत होता. म्हटलं, "चल रे, घरी जायचं ना?"

"ठीक आहे," म्हणाला. उरलेलं पाणी पिऊन टाकलं. पेला पालथा ठेवला.

बघणारं दुसरं कुणी नव्हतं. मी काठी भिंतीला टेकवली, एका हातानं कठडा धरला आणि त्याची बॅग जिना चढून वर त्याच्या खोलीत ठेवून आले.